नाक खाली गेलं की हाक ऐकू येत नाही

पाळीव प्राण्यांविषयी वाचकांचे प्रश्न, पशुवैद्य डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : डॉक्टर, आमचा बीगल जातीचा कुत्रा दीड वर्षाचा आहे. घरात 'ये' म्हटलं की धावत येतो. बाहेर मोकळा सोडला की मात्र नाक जमिनीला लावून जो निघतो, तो थेट मोठ्या रस्त्यापर्यंत. माझ्या वडिलांकडे जतला कारवानी कुत्री होती. ससा दिसला की तीही सुसाट सुटायची, पण थोड्या वेळाने आपणहून परत यायची. हा असा का? एकाने विजेचा झटका देणारा पट्टा सुचवलाय. घ्यावा का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तो पट्टा घेऊ नका. मैदानात गेलं की मानेला दुखतं, एवढंच कुत्रा त्यातून शिकतो. पुढे तो माणसांना आणि दुसऱ्या कुत्र्यांनाही बिचकायला लागतो. असे बिचकलेले बीगल माझ्याकडे येतात, आणि त्यांचा विश्वास परत मिळवायला फार वेळ लागतो.

वडिलांच्या कारवानीचं उदाहरण तुम्ही नेमकं दिलंत. कारवानी नजरेवर धावते. ससा झुडपात शिरून दिसेनासा झाला की तिच्यापुरती शिकार संपली. बीगल इंग्लंडमध्ये सशाचा माग काढण्यासाठी तयार केला गेला. ससा कधीच निघून गेलेला असतो, पण त्याचा वास गवतावर तसाच असतो, त्यामुळे बीगलसाठी शिकार चालूच राहते. त्याच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी २० कोटींच्या वर आहेत, आपल्या नाकात ५०-६० लाख. हुंगताना तो सेकंदाला पाचेक वेळा हवा आत-बाहेर करतो. त्या वेळी त्याचं सगळं लक्ष नाकात असतं. तुमची हाक त्याच्यापर्यंत पोचतच नाही, म्हणून त्याच्यावर रागावू नका.

आता करायचं काय? रस्त्याजवळ त्याला मोकळं सोडणं आजपासून बंद. छातीभोवतीचा हार्नेस घ्या आणि त्याला ८-१० मीटरची दोरी लावा. गळपट्ट्याला एवढी लांब दोरी कधीही बांधू नका, हिसका मानेवर बसतो. 'ये'चा सराव आधी घरात, मग जिन्यात, मग फाटकाशी आणि शेवटी मैदानात. बक्षीस म्हणून उकडलेल्या कलेजीचा नखाएवढा तुकडा द्या, बिस्किटावर भागणार नाही. नाक वर असेल तेव्हाच हाक मारा. माग लागलेला असताना ओरडत राहिलात तर त्या शब्दाची किंमत जाते. तेव्हा गप्प राहून दोरी धरत त्याच्यापर्यंत जा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, तो आला की कलेजी द्या आणि 'जा' म्हणून परत हुंगायला सोडा. तुमच्याकडे आलं की मजा संपते, असं त्याला एकदा वाटलं की तो यायचा थांबतो.

फिरायला उन्हाआधी न्या. जमीन गार आणि ओलसर असते तेव्हा वास टिकतो. उन्हात त्याला धापा टाकाव्या लागतात, आणि धापा टाकताना नीट हुंगता येत नाही. त्याला ओढत झपझप दोन किलोमीटर चालवण्यापेक्षा अर्धा तास त्याच्या नाकामागे चाला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात शार्लोट ड्युरँटन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधकांनी पाळीव कुत्र्यांच्या एका गटाला दोन आठवडे वास शोधायचे खेळ दिले. आत काय असेल हे ठाऊक नसलेल्या वाडग्याकडे ती कुत्री आधीपेक्षा लवकर जाऊ लागली, म्हणजे चांगलंच काही मिळेल अशी त्यांची धारणा झाली. दुसऱ्या गटाला मालकाशेजारी शहाण्यासारखं चालायला शिकवलं होतं, त्यांच्यात हा बदल दिसला नाही. तुमच्याकडे गच्ची असेल तर फडक्यात कलेजी बांधून वळणावळणाने जमिनीवरून ओढत न्या, शेवटी बक्षीस ठेवा, दहा मिनिटं थांबा आणि मग त्याला आणा. बघा तो कसा कामाला लागतो!

सांगलीचे आहात म्हणून मुद्दाम सांगते. बेदाणे आणि द्राक्षं कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. किती खाल्ले तर चालतात, याला भरवशाचा आकडा नाही. त्यातल्या टार्टरिक आम्लामुळे हे होत असावं असं आता मानलं जातं, म्हणून चिंचही दूर ठेवा. बेदाण्याचं पोतं त्याला दाराबाहेरूनही कळतं. खाल्लेले दिसले तर उलटी-जुलाबाची वाट न बघता लगेच डॉक्टर गाठा.

प्रश्न : आमची बीगल तीन वर्षांची, वजन १७ किलो. सदैव भुकेली. सासरे जेवताना तिला पोळी देतात, त्यांना नाही म्हणवत नाही.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : बीगलच्या भुकेवर विसंबू नका, पोट भरलं तरी तो मागतच राहतो. बहुतेक मादी १० किलोच्या आसपास शोभतात. बरगड्यांवरून हात फिरवा. त्या न दाबता बोटांना लागल्या पाहिजेत. १० किलोच्या, नसबंदी झालेल्या कुत्रीला दिवसाला साधारण ६०० कॅलरी पुरतात. तूप लावलेली एक पोळी सव्वाशेच्या घरात जाते, म्हणजे दोन पोळ्यांत दिवसाचा जवळपास निम्मा कोटा संपला. आजोबांना थांबवू नका, त्या दोघांचं ते सुख आहे. सकाळीच तिच्या रोजच्या खाण्यातली मूठभर एका वाटीत काढून त्यांच्या ताटाशेजारी ठेवा. त्यांनी त्यातलं एकेक द्यावं. सोबत काकडी, गाजर चालेल. कांदा-लसूण घातलेलं काही नको. थायरॉइडची तपासणीही करून घ्या, या जातीत तो विकार आढळतो. आणि आंब्याच्या दिवसांत कोयी झाकणाच्या डब्यात टाका. गिळलेली कोय आतड्यात अडकली तर ऑपरेशनशिवाय गत्यंतर नसतं.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या बीगलच्या कानाला घाण वास येतो. खोबरेल तेल घालू का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही. लोंबत्या कानाखाली हवा खेळत नाही, त्यात तुमच्याकडची दमट हवा. तेलाने बुरशीचं आणखी फावतं. दर आठवड्याला कान उलटून बघा, भिजला तर कोरडा करा. आत काडी घालू नका. तपकिरी मळ, वास आणि डोकं झटकणं, हे दिसलं तर कानाचा पडदा तपासल्याशिवाय कुठलंही औषध घालू नका. झटकून झटकून कानाच्या पाळीत रक्त साकळतं, मग ते काढावं लागतं.

प्रश्न : आम्ही दोघं सकाळी आठला निघतो, संध्याकाळी सातला येतो. वन बीएचके आहे. बीगलचं पिल्लू घ्यावं का? सोसायटी हरकत घेईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत ते स्पष्ट आहे. पण माझं उत्तर तरीही 'सध्या नको' असंच आहे. बीगल कळपाने शिकार करणारा कुत्रा आहे. एकटा राहिला की तो लांब सूर लावतो, आणि तो सूर शेतापलीकडच्या माणसाला ऐकू जावा असाच आहे. तुमच्या भिंतीपलीकडे कुणाचं तान्हं बाळ झोपलेलं असेल. अकरा तास एकट्या पडलेल्या पिल्लाचे हाल तर वेगळेच. दोघांपैकी एकाचं काम घरून सुरू झालं किंवा दिवसा घरात कुणी राहू लागलं, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा पिल्लाऐवजी घर शोधणारा मोठा बीगल बघू या. त्याचा स्वभाव आधी कळलेला असतो, आणि असे बरेच बीगल वर्षा-दीड वर्षाचे झाले की 'ऐकत नाही' म्हणून सोडून दिलेले असतात.