‘सौभद्र’ बसवताना: गळे किती, पदे किती

या सदराकडे गेल्या काही महिन्यांत हौशी नाट्यमंडळांची जी पत्रे आली, त्यांपैकी निम्म्याहून अधिक ‘संगीत सौभद्र’ बसवण्याविषयी आहेत. याचे आश्चर्य वाटत नाही. नाटकातील मंडळी द्वारकेची असली तरी मामला घरातल्या लग्नाचा आहे. थोरल्या भावाने बहिणीसाठी परस्पर स्थळ ठरवले आहे, धाकटा भाऊ वरवर मान डोलावून आतून ते मोडण्याच्या खटपटीत आहे आणि बहीण रडून रडून डोळे सुजवून बसली आहे. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना एकत्र बसून पाहता येईल असे संगीत नाटक शोधणारे मंडळ शेवटी याच नाटकापाशी येऊन थांबते. निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न: आमच्या मंडळाला यंदा २५ वर्षे पूर्ण होत असून त्यानिमित्त ‘सौभद्र’ करायचे ठरले आहे. कलाकार १४ आणि त्यांत खऱ्या अर्थाने गाणारे चार. मूळ संहितेत शंभराहून अधिक पदे आहेत. काटछाट करणे म्हणजे नाटककाराचा अपमान, असे आमच्या ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे आहे. काय करावे? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर: ज्येष्ठांना एवढेच सांगावे की, १८ नोव्हेंबर १८८२ रोजी पुण्यात हे नाटक पहिल्यांदा रंगभूमीवर आले, तेव्हा खुद्द नाटककार अण्णासाहेब किर्लोस्करांनी त्याचे तीनच अंक केले होते; पाचही अंकांचा प्रयोग त्यानंतरच्या वर्षी झाला. शिवाय त्या काळी खेळ रात्रभर चालत असे. आपल्या प्रेक्षकाला मध्यंतरात वडा आणि चहा मिळाला तरी साडेतीन तासांनंतर तो घड्याळाकडे पाहू लागतो, हे मान्य करूनच संहितेला हात घालावा.

हिशेब सोपा आहे. २५ पदे प्रत्येकी तीन मिनिटांची धरली तर सव्वा तास गाण्यात जातो, पंधरा मिनिटे मध्यंतरात जातात आणि तीन तासांच्या प्रयोगात गद्यासाठी दीड तास उरतो. हेच पद गायकाने आलाप-तानांच्या भरात सहा मिनिटांवर नेले, की गाणे अडीच तासांचे होते आणि गद्याला जेमतेम पाव तास राहतो. मग अर्जुन संन्यासी का झाला, हे नव्या प्रेक्षकाला समजतच नाही. हौशी प्रयोग बिघडण्याचे हे कारण मी बेसूर गाण्यापेक्षाही अधिक वेळा पाहिले आहे. म्हणून पदांची संख्या ठरवण्याआधी प्रत्येक पदाची मिनिटे ठरवून घ्यावीत आणि तालमीत ती घड्याळ लावून मोजावीत.

कोणती पदे ठेवावीत, याला माझी कसोटी अशी: पद सुरू होताना पात्र जिथे होते तिथेच ते पद संपल्यावरही असेल, तर ते पद सोडता येते. रुसलेल्या रुक्मिणीची समजूत काढणारे कृष्णाचे ‘नच सुंदरी करू कोपा’ हा गाण्यातला संवादच आहे. ते गाळले तर प्रवेशच लंगडा होतो. सुभद्रेचे ‘वद जाऊ कुणाला शरण’ नसेल तर प्रेक्षक तिकिटाचे पैसे परत मागतील, आणि त्यांचे चुकणारही नाही. नारदाचे प्रवेशाचे ‘राधाधर मधुमिलिंद’ही ठेवावेच, कारण त्या एका पदात प्रेक्षागृह स्थिरस्थावर होते. याउलट उपवनाची, ऋतूची वर्णने करणारी पदे आपल्याकडे तसा गळा नसेल तर निःसंकोच वगळावीत.

उरलेल्या दहा जणांचे काय, हा आपल्या पत्रात न विचारलेला, पण खरा प्रश्न आहे. या संहितेत साक्या आणि दिंड्या, म्हणजे ठरावीक साध्या चालींत म्हणायच्या वृत्तबद्ध रचना, पुष्कळ आहेत. कीर्तन ऐकत वाढलेल्या माणसाला त्या कानावरून येतात, त्यांना तानेची गरज नसते आणि वृत्त सांभाळून अर्धे म्हणत, अर्धे गात त्या छान पेलता येतात. आमच्या मंडळात बलराम करणारे गृहस्थ एका सुरावर दोन क्षणही ठरत नसत. दुसऱ्या आठवड्यात आम्ही त्यांची सगळी पदे काढून टाकली. प्रयोगात त्यांनी गदा खांद्यावर टाकून निव्वळ गद्यात जो संताप केला, त्याला त्या रात्रीची पहिली टाळी पडली. ज्याला जे येते, त्यावर भूमिका बेतावी.

प्रश्न: आमची सुभद्रा काळी चारमध्ये (म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला षड्ज, ‘सा’, धरून) गाते, कृष्ण आणि अर्जुन काळी एकमध्ये. एकाचे पद संपून लगेच दुसऱ्याचे सुरू झाले की तबलजी वैतागतात आणि नटांना सूर सापडत नाही. (एक वाचक, बेळगाव)

उत्तर: ही अडचण किर्लोस्करांच्या मंडळीत एवढी येत नसणार, कारण तेव्हा सुभद्राही पुरुषच होता. आपल्या बाबतीत मात्र नशीब चांगले आहे. काळी एकचा पंचम (‘प’) म्हणजेच काळी चार. त्यामुळे काळी चारला लावलेला तबला सुभद्रेसाठी षड्जात बोलतो आणि कृष्णार्जुनांसाठी पंचमात. तबलजींनी हातोडी हातात घ्यायचे कारणच उरत नाही. ज्या पदाच्या रागात पंचम वर्ज्य आहे, म्हणजे लागतच नाही, तिथे मात्र हा तबला खटकेल. अशा पदांची यादी आधी करून त्यांच्यासाठी काळी एकला लावलेला दुसरा तबला शेजारी ठेवावा. सुभद्रेने हट्टाने अर्धा सूर वर चढून पांढरी सहा धरली, तर ही सगळी सोय कोसळते, हेही तिला प्रेमाने सांगावे.

नटाला सूर मिळण्यासाठी ऑर्गनवादकाने गद्याच्या शेवटच्या वाक्याखाली नव्या पट्टीचा षड्ज हलकेच धरून ठेवावा. मात्र त्यासाठी वादकाला गद्यही पाठ हवे. बहुतेक मंडळे साथीदारांना शेवटच्या चार तालमींना बोलावतात. मी त्यांना पहिल्या वाचनाला बसवतो. साथीऐवजी ध्वनिमुद्रित ट्रॅक वापरण्याचा विचार कोणाच्या मनात असेल तर तो सोडून द्यावा. घटोत्कचाच्या प्रवेशाला मूल घाबरून रडले आणि प्रेक्षक हसले, तर नट दोन क्षण थांबतो, पण ट्रॅक थांबत नाही.

प्रश्न: ‘सौभद्र’साठी कोणाची परवानगी लागते का? काही सभासदांना त्याऐवजी ‘मत्स्यगंधा’ करायचे आहे. तिकीट लावले तर फरक पडतो का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: फरक पडतो. भारतीय कायद्यानुसार नाट्यकृतीचा स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षे राहतो. किर्लोस्कर १८८५ साली निवर्तले, त्यामुळे त्यांची संहिता कधीचीच सर्वांची झाली आहे. मात्र आपण एखाद्या दिग्दर्शकाने अलीकडे तयार केलेली रंगावृत्ती (प्रयोगासाठी बेतलेली संहिता) किंवा एखाद्या संगीतकाराने नव्याने बांधलेली चाल उचलणार असाल, तर त्या नव्या कामाचा हक्क वेगळा असतो.

‘मत्स्यगंधा’ १९६४ सालचे. लेखक वसंत कानेटकर २००० साली गेले आणि संगीतकार जितेंद्र अभिषेकी १९९८ साली. तेव्हा दोन्ही हक्क अजून बरीच वर्षे जिवंत आहेत आणि तिकीट लावून प्रयोग करायचा तर हक्कधारकांची लेखी परवानगी घेणे अपरिहार्य आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२ मध्ये हौशी मंडळांसाठी एक सवलत आहे: पैसे न घेता बोलावलेल्या प्रेक्षकांसमोर, किंवा एखाद्या धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेला हौशी संस्थेचा प्रयोग हक्कभंग ठरत नाही. ‘ऐच्छिक देणगी’ असे छापून दारात पेटी घेऊन उभे राहणे आणि देणगीशिवाय कोणालाही आत न सोडणे या सवलतीत बसेल, असे मला वाटत नाही. परवानगीचे पत्र लिहायला अर्धा तास लागतो, आणि हौशी मंडळांच्या बाबतीत हक्कधारक सहसा उदार असतात, असा माझा अनुभव आहे.

याखेरीज महाराष्ट्रात जाहीर प्रयोगापूर्वी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे सादर करून प्रमाणपत्र घ्यावे लागते. हे काम तालमी सुरू होतानाच करून टाकावे. नेपथ्याचे पैसे दिल्यावर नव्हे.

प्रश्न: आमच्याकडे सुभद्रेसाठी योग्य गळा एका तरुण मुलाचा आहे. त्याला भूमिका दिली तर लोक हसतील का? (एक वाचक, मिरज)

उत्तर: पहिली गाजलेली सुभद्रा किर्लोस्करांच्या मंडळीतले गायक नट भाऊराव कोल्हटकर यांची. मुलगा नऊवारी नेसून न अडखळता चालू शकत असेल आणि चेष्टेचा सूर तालमीत कोणी लावला नसेल, तर तिसऱ्या मिनिटानंतर कोणी हसणार नाही.

प्रश्न: देवळाच्या उत्सवात आम्ही दरवर्षी उघड्या प्रांगणात नाटक करतो. यंदा ‘सौभद्र’ आहे. ध्वनिव्यवस्था आणि वेळ यांविषयी मार्गदर्शन करावे. (एक वाचक, फोंडा)

उत्तर: गोव्यातील उत्सवी रंगभूमीला संगीत नाटक शिकवावे अशी माझी पात्रता नाही; दोन व्यावहारिक गोष्टी तेवढ्या सांगतो. कॉलरला लावायचा माइक अर्जुनाला देऊ नका. तो यतिवेषात आला की खोटी दाढी माइकवर घासते आणि प्रत्येक शब्दामागे खरवडल्याचा आवाज येतो. आमच्या एका प्रयोगात हा खरखराट ऐकून ध्वनिव्यवस्थापकाने अर्धा अंक वायरी बदलण्यात घालवला होता. त्याचा माइक कपाळाशी, टोपाच्या कडेखाली बसवावा. नारदालाही हाच नियम लागू आहे, कारण छातीवरच्या माइकला त्याची वीणा आणि चिपळ्या त्याच्या गाण्यापेक्षा मोठ्या ऐकू येतात.

वेळेचे म्हणाल तर, बंदिस्त नाट्यगृहाला मिळणारी मुभा उघड्या प्रांगणाला नाही. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवावे लागतात. सांस्कृतिक आणि धार्मिक उत्सवांसाठी वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत वाढवण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. आपल्या उत्सवाची तारीख त्या दिवसांत आहे का, हे आधीच विचारून घ्यावे. नसल्यास नांदी साडेसहाला सुरू करून प्रयोग साडेनऊला संपेल असा बेतावा. उरलेला अर्धा तास वन्स मोअरसाठी राखून ठेवावा. फोंड्याला तो पुरणार नाही.