व्हिएतनाममध्ये डोकं दुखलं की लोक काय करतात, काय खातात? शाकाहारी माणसाला त्यातलं काय जमेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवऱ्याच्या बदलीमुळे हनोईला येताय, अधूनमधून अर्धशिशी उठते, अंडं चालतं पण मांस-मासे नाही, तर इथल्या घरगुती उपायांतलं काय करून बघावं? मी हनोईतच राहते. डॉक्टर नाही, पण अर्धशिशी माझ्याही नशिबी आहे, त्यामुळे शेजारपाजारच्या बायकांचे सगळे प्रयोग माझ्यावर करून झालेत.

इथे डोकं दुखो, अंग मोडून येवो की मळमळो, निदान ठरलेलं: वारं लागलं. मग ते बाहेर काढायचं. त्यासाठी पर्समध्ये हिरव्या तेलाची बाटली असतेच, नाहीतर 'काओ साओ वांग', म्हणजे पिवळ्या चांदणीची लाल पत्र्याची चिमुकली डबी. मेंथॉल, कापूर, पुदिना, लवंग, दालचिनी असा सगळा झणझणीत मामला. सोव्हिएत काळात ही डबी रशियातही घरोघरी पोचली होती. कानशिलांवर आणि मानेच्या मागे बोटाच्या टोकावर मावेल एवढंच चोळायचं, डोळ्यांपासून लांब. ताणामुळे डोकं दुखत असेल तर फरक पडतो, आणि तो निव्वळ मनाचा खेळ नाही. जर्मनीत 1996 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत कपाळाला लावलेलं 10 टक्के पुदिन्याचं तेल 1000 मिलिग्रॅम पॅरासिटामॉलच्या तोडीचं ठरलं होतं. अर्धशिशीत मात्र आधीच वास सोसत नाहीत, त्यात हा भपकारा! मी तरी तेव्हा डबीला हात लावत नाही. घरात दोन वर्षांखालचं मूल असेल तर ही तेलं त्याला लावू नका आणि त्याच्या हाती लागतील अशी ठेवू नका. कापूर पोटात गेला तर मुलांना झटके येतात.

दुसरा उपाय 'काओ झो', म्हणजे वारं खरवडून काढणं. आमच्या घरमालकीणबाई जुना चमचा घेतात, काही जणी चांदीचं नाणं. आधी पाठीला तेल चोळायचं, मग चमच्याची कड मणक्याच्या दोन्ही बाजूंनी मानेपासून खाली ओढायची, नंतर बरगड्यांच्या रेषेत बाहेरच्या बाजूला. एकाच दिशेने, मागेपुढे घासायचं नाही. दहाबारा वेळा चमचा फिरला की कातडीवर लालजांभळे पट्टे उठतात. पट्टा जितका गडद तितकं वारं जास्त, असं बाई समाधानाने सांगतात. खरं तर त्या कातडीखाली फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या असतात. पट्टे काही दिवसांत जातात. 1970 च्या दशकात निर्वासित म्हणून अमेरिकेत गेलेल्या व्हिएतनामी मुलांच्या पाठीवरचे असे वळ पाहून तिथल्या डॉक्टरांना मारहाणीचा संशय आला होता. आखडलेली मान सैल होते हे खरं, पण माझ्या मते निम्मं श्रेय कुणीतरी आपली पाठ हातात घेऊन बसलंय याला द्यायला हवं.

आता जरा कडक बोलते. अंगात ताप असेल आणि डोळ्यांच्या मागे ठणकत असेल तर खरवडून घेऊ नका. हनोईत पावसाळ्यात डेंग्यू असतो, त्यात प्लेटलेट उतरतात आणि चमच्याने रक्तस्राव वाढू शकतो. अशा वेळी अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेनही नको, फक्त पॅरासिटामॉल. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनीही या वाटेला जाऊ नये. आणखी वाईट म्हणजे, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला तरी काही घरांत 'वारं लागलं' म्हणून आधी तेल नि चमचा निघतो आणि पक्षाघाताचे मोलाचे तास वाया जातात. इथले डॉक्टर याबद्दल वारंवार बजावत असतात. अचानक, आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं दुखलं, मान ताठली, बोलणं अडखळलं तर रुग्णवाहिकेचा नंबर 115. इथे येताच फोनमध्ये घालून ठेवा.

सर्दीने डोकं जड झालं असेल तर वाफ उत्तम. बाजारात भाजीवालीकडे या पाल्याची जुडीच मिळते: गवती चहा, पोमेलोची म्हणजे पपनसाची पानं, बांबूची पानं, तिया तो नावाची जांभळट पानं, कधी आपली तुळससुद्धा. पातेलं उकळून पांघरुणात घेऊन बसायचं आणि झाकण एकदम न काढता हळूहळू सरकवायचं. घाम पुसून वर गरम चाओ प्यायचा, म्हणजे तांदळाची पेज, त्यात भरपूर पातीचा कांदा, तिया तो आणि मिरपूड. हे तुम्हाला पूर्ण चालेल, फक्त घरीच करा. बाहेर पेजेचं पाणी बहुधा हाडांचं असतं. पाटीवर 'chay' (उच्चार 'चाय', पण चहा नव्हे) लिहिलेली खानावळ मात्र शाकाहारी.

अंडं खाता म्हणून खास सांगते: न्गाई क्यूचं ऑम्लेट. ही पाती दवण्याच्या कुळातली, जोतिबाला वाहतात तोच दवणा. हिचा वास तितका गोड नाही, चव चक्क कडू. कोवळे शेंडे बारीक चिरून दोन अंड्यांत मिसळायचे, मासळीच्या सॉसऐवजी मीठ, मंद आचेवर दोन्ही बाजूंनी खरपूस. डोकेदुखी आणि चक्कर यांवरचं हे हनोईचं आवडतं खाणं. औषध म्हणून किती लागू पडतं देव जाणे, पण उपाशीपोटी अर्धशिशी उठते त्यांना वेळेवर गरम खाणं मिळतं हेही काही कमी नाही. गरोदरपणात ही पाती टाळा. हिच्याबरोबर शिजवलेली काळी कोंबडी आणि डुकराचा मेंदूही तुम्हाला आग्रहाने सुचवले जातील, हसून नकार द्या. झोप लागत नसेल तर कमळबीजाच्या आतल्या हिरव्या कोंबाचा चहा घेतात. तोही कडूच.

जुन्या हनोईत लान ओंग नावाचा अख्खा रस्ता जडीबुटीच्या दुकानांचा आहे. 18व्या शतकातले थोर वैद्य ले हू त्राक यांच्या टोपणनावावरून ते नाव पडलं. डोकेदुखीवर तिथे पुड्या बांधून देतात. वासासाठी जरूर फिरा, पण आधीच गोळ्या चालू असतील तर कुठलाही काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

अर्धशिशीसाठी खरं लक्ष ठेवायचं ते कॉफीवर. इथली कॉफी रोबस्टाची, म्हणजे कॅफीन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट. रोज दोन कप प्यायची सवय लागली आणि रविवारी चुकली की डोकं धरतंच. त्यावर लोक पॅनाडॉल एक्स्ट्रा घेतात, त्यातही प्रत्येक गोळीत पॅरासिटामॉलबरोबर 65 मिलिग्रॅम कॅफीन. अशा मिश्र गोळ्या महिन्यात 10 किंवा जास्त दिवस व्हायला लागल्या की गोळ्यांचीच डोकेदुखी सुरू होऊ शकते. डॉक्टरांनी दिलेलं तुमचं नेहमीचं औषध चिठ्ठीसकट भारतातून आणा.

आणि सुट्टीत घरी जाताना सासूबाईंना द्यायचं असेल तर डबीच घ्या, तेलाची बाटली बॅगेत गळते.