रात्रपाळीचा माल आदल्या तारखेला का दिसतो?

प्रश्न : आमच्या कारखान्यात मागावरून उतरलेल्या टॉवेलची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम मी पायथनमध्ये लिहिला आहे. सर्व्हर जर्मनीतला, भाड्याचा आहे. हिवाळ्यात रात्री सव्वाबाराला उतरलेला माल आदल्या दिवशी संध्याकाळी पावणेआठला दिसे, म्हणून साठवण्यापूर्वी मी साडेचार तास मिळवू लागलो. परंतु मार्च संपताच सर्व वेळा एक तास पुढे गेल्या. काय करावे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : मूळ चूक साठवणीत आहे, तुमची मिळवणी ही मलमपट्टी झाली. प्रोग्रॅम सर्व्हरच्या घड्याळातले आकडे उतरवून घेतो, पण ते घड्याळ कोणत्या गावचे हे लिहीत नाही. जर्मनीचे घड्याळ हिवाळ्यात यूटीसीच्या (जगभरची घड्याळे जिच्यावरून लावतात त्या जागतिक वेळेच्या) १ तास आणि उन्हाळ्यात २ तास पुढे असते, त्यामुळे आपले अंतर कधी साडेचार तर कधी साडेतीन तास भरते. २६ ऑक्टोबर २०२५ रोजी तेथील घड्याळे पहाटे तीनवरून दोनवर आली. त्या दिवशी आपल्याकडे सकाळी सहाला आणि सातला उतरलेल्या मालावर सर्व्हरची २:३० हीच वेळ पडली असणार, आणि नुसत्या आकड्यांवरून आधीचा माल कोणता हे कोणीही सांगू शकणार नाही.

यापुढे नोंद यूटीसीतच करावी. पायथनच्या, चालू वेळ देणाऱ्या ‘नाऊ’ फंक्शनचा कंस रिकामा न ठेवता त्यात यूटीसी झोन (वेळ कोठली हे सांगणारे नाव) द्यावा. ‘यूटीसीनाऊ’ सोयीचे वाटले तरी ते झोन न लावताच वेळ हाती देते. पडद्यावर दाखवताना ‘आशिया/कोलकाता’ झोन वापरावा. (सोलापूरचा सूर्य प्रमाणवेळेच्या सुमारे २६ मिनिटे मागे असला, तरी झोनच्या यादीत आपण कोलकात्याच्याच खात्यात!) रोजचा हिशेब काढताना मात्र तारखेनुसार गट पाडण्यापूर्वीच रूपांतर करावे, कारण सोलापूरचा दिवस यूटीसीत आदल्या दिवशी १८:३० ला सुरू होतो.

जुन्या नोंदींपैकी ज्यांत साडेचार तास मिळवले, त्यांतून ते आधी वजा करावेत, मग सर्व वेळा ‘युरोप/बर्लिन’च्या समजून यूटीसीत न्याव्यात. दुहेरी तासापुरता नोंदीचा अनुक्रमांक पाहावा. तोच खरा साक्षीदार.

पुढच्या तारखांना हा नियम लावू नये. हॅम्बुर्गच्या ग्राहकाशी पुढील वर्षी तेथील सकाळी दहाची बैठक ठरली असेल, तर ‘दहा’ आणि ‘युरोप/बर्लिन’ असे दोन्ही साठवावे. घड्याळे मागेपुढे करण्याचा नियम मधल्या काळात बदलला, तर आज काढून ठेवलेली यूटीसी वेळ बैठकीच्या दिवशी तासाभराने चुकेल.