या वयात कळून काय उपयोग?

"मॅडम, इतकी वर्षं निघाली, आता ऑटिझम आहे की नाही हे कळून काय उपयोग?" हा प्रश्न हल्ली सारखा कानावर येतो. (ऑटिझम म्हणजे स्वमग्नता: मेंदूची जन्मापासूनची वेगळी घडण, ज्यात लोकांशी बोलणं-मिसळणं अवघड जातं.) विचारणारे बहुधा तिशी-चाळिशीतले, मुलाच्या निदानाच्या निमित्ताने पहिल्यांदा स्वतःकडे नीट बघणारे.

सोलापुरातल्या टॉवेल कारखान्यात हिशेब बघणारे एक गृहस्थ असेच आले (ओळख बदलली आहे). पत्नी म्हणाली, "लोक यांना तुसडे म्हणतात. लग्नात जेवण झालं की हे निघालेच."

"लग्नाला जायच्या आधी काय करता?" मी त्यांना विचारलं.

"कोणाशी काय बोलायचं, ते आदल्या रात्री वहीत लिहितो."

पत्नी बघतच राहिली. त्या वहीबद्दल तिला काहीच ठाऊक नव्हतं.

मी त्यांना क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. यात रक्त तपासत नाहीत, स्कॅनही नसतो. सविस्तर बोलणं, वागण्याचं निरीक्षण आणि लहानपणची माहिती यांवर निदान ठरतं. मोबाइलवरच्या चाचणीने ते होत नाही. त्यांच्या आईने गड्ड्याच्या यात्रेची, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेची, आठवण सांगितली: "पाळण्यांचा आवाज आला की कान दाबून रडायचा. हट्टी म्हणून मीच धपाटे घातले." आवाज-उजेडाचा असा त्रास डीएसएमच्या, म्हणजे मानसिक निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन पुस्तिकेच्या, ऑटिझमच्या निकषांत आला तो 2013 साली. त्या माउलीला कोण काय सांगणार होतं?

निदान ऑटिझमचंच निघालं. अहवाल घेऊन ते आले, बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे मी प्रयत्न कमी करत नव्हतो. इतरांपेक्षा जास्तच करत होतो."

मी विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते, म्हणजे माणूस स्वतःबद्दल काय समजून बसलाय ते त्याच्याकडूनच तपासून घेते. 'मला गप्पा जमत नाहीत' हे खरं होतं, 'म्हणून मी वाईट माणूस' हे त्यांनी स्वतः जोडलेलं. ही गाठ मी सोडवून दिली नाही, त्यांच्याकडूनच सोडवून घेतली. ती सुटली याचं मला आजही समाधान आहे.

पुढचे बदल साधे होते. कारखान्यातले निरोप तोंडी न घेता लिहून मागायचे. लग्नातून लवकर निघायचं, पण माफी न मागता.

तपासणीला जाताना लहानपण पाहिलेलं कोणीतरी सोबत न्या, शाळेची प्रगतिपुस्तकं असतील तर तीही. ऑटिझम नाही असं निघालं, तरी चिंता किंवा एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्थिर राहणं अवघड जाणं) आहे का, ते विचारा. आणि 'शिक्का बसेल' ही भीती असेल तर एवढं ध्यानात ठेवा: 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, पण प्रमाणपत्रासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. तो करायचा की नाही, आणि निदान कोणाला सांगायचं, हे तुम्हीच ठरवायचं.