खासगी वृद्धाश्रमाची सरकारी तपासणी होते का?
आईला ठेवण्याआधी हे विचारताय, बरं केलंत. पण तपासणीच्या भरवशावर राहू नका. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 19 वृद्धाश्रमांबद्दल आहे, पण ते निराधारांसाठी: जिल्ह्याला किमान एक, 150 जणांची सोय असलेला. तेही सरकार 'उभारू शकेल', इतकंच. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी म्हणजे मुख्यतः विश्वस्त आणि हिशेब. रात्री हाकेला कोण येतं, ते त्यात दिसत नाही. म्हणून न कळवता जा, जेवणाच्या वेळी. अंथरुणं, संडास, औषधांची नोंद बघा. ठेवल्यावरही असंच जात राहा, आईशी एकांतात बोला. हाल दिसले तर 14567 या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर कळवा; समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्या.