कंसातली तीन चिन्हं कशी वाचायची

J (जे) या प्रोग्रामिंग भाषेत (+/ % #) पाहून गांगरू नकोस. ते डावीकडून सरळ वाचायचंच नाही. आधी दोन्ही टोकं, मग मधलं. २ ४ ९ ही यादी घे. +/ बेरीज करतं, १५. # मोजतं, ३. मधलं % भागतं (हो, इथे % म्हणजे भागाकार, टक्के नव्हेत!), उत्तर ५. सरासरी निघाली, आणि यादीला नावसुद्धा द्यावं लागलं नाही.

कंस मात्र विसरू नकोस. नुसतं +/ % # २ ४ ९ लिहिलंस, तर उजवीकडून एकेक क्रिया होत जाते: आधी ३, मग त्याचा व्यस्त (१ भागिले ३), ०.३३३३३३. चूक झाल्याचा संदेशही येत नाही! माझी यात अख्खी संध्याकाळ गेली होती. कंसात दोनच क्रिया असल्या की नियम बदलतो. त्याच्या नादी सध्या लागू नकोस.