पहिल्या पाठाला आवाज बसला म्हणून घाबरू नका

ताई, पहिल्या सराव पाठाला, म्हणजे शिकाऊ शिक्षक म्हणून वर्गावर घेतलेल्या तासाला, आवाज बसला आणि हात थरथरले असं तुम्ही लिहिलंत; हे जवळजवळ प्रत्येक छात्राध्यापकाच्या (बी.एड. करणाऱ्याच्या) वाट्याला येतं. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये २० आठवडे शाळेत काढायला लावतात ते याचसाठी. सध्या एवढंच सांभाळा:

१. मुलांची नावं. वर्गशिक्षकांकडून बाकांप्रमाणे कागदावर उतरवून घ्या. ‘ए, मागचा’ऐवजी ‘समीर, पुढचं वाक्य वाच’ म्हटलं की वर्ग आपला वाटू लागतो.

२. तासाची पहिली पाच मिनिटं तोंडपाठ हवीत. पुढे टाचणात (तासाच्या लिहून आणलेल्या आराखड्यात) डोकावलं तरी चालतं.

३. गोंगाटावर आवाज चढवू नका. सातवीला अपूर्णांक शिकवताना मी तासभर ओरडले, घसा बसला, गोंगाट तसाच. निरीक्षणाला बसलेल्या बाई म्हणाल्या, “खडू खाली ठेव आणि गप्प उभी राहा.” दुसऱ्या दिवशी तसंच केलं. आधी पुढचे बाक शांत झाले, मग एकमेकांना कोपरानं ढोसत मागचेही. त्यानंतर मी हळू आवाजातच बोलले.

नवखेपणी हमखास होणाऱ्या दोन चुका: फळ्याकडे तोंड करून बोलणं, आणि प्रश्न विचारून लगेच स्वतःच उत्तर देणं. मनात पाचपर्यंत मोजा, हात वर येतात.

संविधान तक्ता (प्रश्नपत्रिकेतल्या गुणांच्या वाटणीचा आराखडा), चाचण्या वगैरे नंतर बघू. निरीक्षणाचे शेरे मात्र त्याच संध्याकाळी वाचा आणि त्यातला एकच उद्यासाठी निवडा.

उद्या कोणती इयत्ता आहे? टाचण पाठवा, सुरुवात मिळून बसवू.